वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, म्हणून ई-संसाधनांची तरतूद शून्य करायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा प्रभार नुकताच तुमच्याकडे आला आहे. वित्त विभाग म्हणतो की वन नेशन वन सबस्क्रिप्शन या योजनेतून जर्नल्स आता केंद्र सरकार देतं, तेव्हा पुढच्या अंदाजपत्रकात ‘ई-संसाधने’ या शीर्षाखाली काही ठेवायची गरज नाही. विभागप्रमुख म्हणतात, आमचा एकही डेटाबेस बंद होता कामा नये. पुस्तकांना पैसे पुरत नाहीत ही विद्यार्थ्यांची तक्रार वेगळीच. यातलं काय ठेवायचं, काय बंद करायचं आणि ज्ञानस्रोत समितीपुढे (विद्यापीठाच्या ग्रंथालयविषयक समितीपुढे) कोणत्या तोंडाने जायचं, हे तुम्हाला हवंय. विभागांत पैसे कसे वाटायचे, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय.

आधी थेट उत्तर देते. शीर्ष शून्य होऊ देऊ नका. पण ‘गेल्या वर्षी होतं तेवढंच द्या’ अशीही मागणी करू नका, कारण तिचं समर्थन तुम्हाला करता येणार नाही. जर्नल्सच्या वर्गणीतून जे पैसे खरोखर मोकळे होतात ते मोजा आणि ते कुठे वळवायचे हे वित्त विभागाच्या आधी तुम्ही कागदावर मांडा. एकदा शीर्ष बंद झालं की ते पुन्हा उघडायला किती वर्षं जातात, हे विद्यापीठात काम केलेल्या कुणालाही विचारा.

तुमचे आकडे माझ्यापुढे नाहीत, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडाव्या लागतील. आवारात विधी, व्यवस्थापन, औषधनिर्माणशास्त्र असे विभाग आहेत की नाहीत, संशोधक विद्यार्थी किती, जुन्या वर्गण्या स्वनिधीतून होत्या की अनुदानातून, यावर बरंच अवलंबून आहे. विचार करायची पद्धत मात्र सगळीकडे सारखीच लागू पडते.

पहिल्यांदा योजना नेमकं काय देते ते पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी वन नेशन वन सबस्क्रिप्शनला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन कॅलेंडर वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था असा तिचा आवाका आहे. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती मनापासून मानते. विद्यापीठ अनुदान आयोगाचं इन्फोनेट, मग २०१५ नंतर ई-शोधसिंधू, हा जर्नल्स एकत्रितपणे पुरवणाऱ्या आधीच्या उपक्रमांचा सगळा प्रवास ज्यांनी पाहिला, त्यांना ठाऊक आहे की एखाद्या जर्नलसाठी आपले विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या मित्रांना मेल करून लेख मागवायचे. गडचिरोलीतल्या सरकारी संस्थेला आणि दिल्लीतल्या नामवंत संस्थेला एकच दार उघडलं, याचं मोल कमी लेखू नका. समितीपुढेही त्याबद्दल तक्रारीचा सूर लावू नका.

पण यातले दोन तपशील वित्त विभागाला दाखवायलाच हवेत. पहिला, मंजूर तरतूद २०२७ पर्यंतची आहे. दुसरा, ही योजना जर्नल्सची आहे. ई-पुस्तकं तिच्यात नाहीत. स्कोपस, वेब ऑफ सायन्ससारखे संदर्भसूचींचे डेटाबेस नाहीत. कंपन्यांच्या ताळेबंदांचा सीएमआयईचा प्रोवेस नाही. विधी विभागाला लागणारे एससीसी ऑनलाइन, मनुपात्र नाहीत. छापील पुस्तक, मराठी नियतकालिक, जुन्या अंकांचं जतन यांचा तर प्रश्नच येत नाही. म्हणजे ‘ई-संसाधने’ या एका शीर्षाखाली तुमच्याकडे चार-पाच वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत, आणि त्यातली फक्त एक केंद्राने उचलली आहे. हे वाक्य टिपणीत पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे.

आता कामाला लागू. तुम्ही स्वतःच्या पैशांनी घेता त्या प्रत्येक पॅकेजची शीर्षकयादी प्रकाशकाकडून मागवा. केबार्ट या शीर्षकयादीच्या प्रमाणित नमुन्यातली यादी मागा, म्हणजे आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत हे स्वतंत्र रकान्यांत मिळतं. योजनेची यादी घ्या आणि एक्सेलमध्ये आयएसएसएनवर जुळवा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात, तेव्हा दोन्हींवर जुळवा, नाहीतर निम्मी जर्नल्स ‘मिळत नाहीत’ असं खोटं चित्र उभं राहतं. या तुलनेतून तीन ढीग पडतील. पूर्ण दुहेरी असलेली, अर्धवट दुहेरी असलेली आणि फक्त तुमच्याचकडे असलेली. पहिल्या ढिगातलं नूतनीकरण थांबवायला कुणाची परवानगी मागत बसू नका. विभागाला कळवा, पर्यायी दुवा द्या आणि थांबवा.

वेळ जातो तो मधल्या ढिगात. इथे नेहमी अडकतात ते एकत्रित डेटाबेस, ज्यांत अनेक प्रकाशकांची जर्नल्स एका छताखाली येतात. त्यांच्या यादीत हजारो नावं दिसतात, पण कित्येक जर्नल्सचा पूर्ण मजकूर वर्षभराने खुला होतो, ताजे अंक नसतात. त्यातली मोठी नावं आता थेट प्रकाशकाच्या स्थळावर ताज्या अंकासह मिळत असतील, तर त्या डेटाबेसची खरी किंमत उरलेल्या शीर्षकांपुरती राहते. ती उरलेली शीर्षकं कुणी वाचतं का, एवढंच मग बघायचं. उलट बाजूही तपासा. योजनेत जर्नल आहे, पण जुनी वर्षं कुठपर्यंत आहेत? इतिहास, गणित, भूगर्भशास्त्र या विषयांत १९८५ चा लेखही रोज लागतो. जुन्या अंकांचा संग्रह देणारी सेवा तुम्ही घेत असाल, तर वर्षांचे रकाने जुळवल्याशिवाय तिला हात लावू नका.

कुणी वाचतं का, हे अंदाजाने ठरवायचं नाही. बहुतेक मोठे प्रकाशक काउंटर या मानकानुसार वापराचे अहवाल देतात. प्रशासक लॉगिन कुणाकडे आहे ते शोधा. बहुतेक ठिकाणी ते निवृत्त सहकाऱ्याच्या ईमेलवर असतं, आधी ते संस्थेच्या ईमेलवर आणा. टीआर-जे१ अहवालात जर्नलनिहाय पूर्ण मजकुराच्या मागण्या मिळतात, आणि मुक्त प्रवेशाचे लेख त्यातून वगळलेले असतात. टीआर-जे४ मध्ये त्याच मागण्या लेखाच्या प्रकाशनवर्षानुसार असतात, म्हणजे जुन्या अंकांची गरज किती ते कळतं. आणि टीआर-जे२ हा अहवाल फार थोडे ग्रंथपाल उघडतात. त्यात दार ठोठावून परत गेलेले वाचक दिसतात, म्हणजे लेख मागितला पण आपल्याकडे हक्क नव्हता असे. पुढे काय घ्यावं याचा याहून प्रामाणिक पुरावा नाही. विभागप्रमुखाच्या मागणीपत्रापेक्षा मी त्याला जास्त वजन देते.

इथे एक सावधगिरी. योजनेत आलेल्या जर्नल्सचा वापर २०२५ पासून तुमच्या स्वतंत्र वर्गणीच्या खात्यावर घटलेला दिसू शकतो. ‘वाचन कमी झालं’ असा अर्थ कुणी काढण्याआधी २०२२ ते २०२४ ची तीन वर्षं आधार म्हणून घ्या.

मग प्रतिवापर खर्च. समजा एका डेटाबेसची वर्गणी १२ लाख आणि वर्षात ८,००० लेख उघडले. लेखामागे १५० रुपये. दुसऱ्याची वर्गणी ३ लाख आणि वापर १००. लेखामागे ३,००० रुपये. प्रकाशकाच्या स्थळावर एकेक लेख विकत घ्यायचा तर साधारण ३० ते ४० डॉलर, म्हणजे अडीच-तीन हजारांच्या वर पडतात. माझी रेघ तिथे आहे. प्रतिवापर खर्च सुट्या लेखाच्या किमतीजवळ पोचला की वर्गणी सोडायची, आणि लेख डेलनेटसारख्या आंतरग्रंथालयीन सेवेतून किंवा गरज पडल्यास सुटा विकत घेऊन द्यायचा. त्यासाठी छोटी तरतूद वेगळी राखायची. विभागाला ‘बंद केलं’ असं सांगायच्या ऐवजी ‘मागा, चार दिवसांत मिळेल’ असं सांगता आलं की निम्मा विरोध मावळतो, मात्र ते चार दिवस पाळावे लागतात.

ही रेघ सगळीकडे चालत नाही. प्रोवेससारख्या आकडेवारीच्या संग्रहात एका संशोधकाने एकदा उतरवलेल्या माहितीवर अख्खा प्रबंध उभा राहतो. तिथे क्लिक मोजून उपयोग नाही. किती मार्गदर्शकांचे किती विद्यार्थी ते वापरतात आणि त्यावर कोणते प्रबंध झाले, हे विभागाकडून लेखी घ्या. विधीच्या डेटाबेसचंही तसंच. मूट कोर्टच्या (अभिरूप न्यायालयाच्या) तयारीत महिनाभर खूप वापर आणि एरवी शांतता, हे त्या विषयाचं वळण आहे.

पैशांच्या बाजूला येऊ. बहुतेक राज्य विद्यापीठांना शासनाकडून येतात ते प्रामुख्याने वेतनाचे पैसे. ग्रंथालयाचा खर्च सर्वसाधारण निधीतून, म्हणजे परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो. महाविद्यालयं स्वायत्त होऊ लागली तशी ही आवक ताणली जाते आहे. वित्त विभागाचा हात आखडता का, हे त्यातून समजून घ्या. ते तुमचे शत्रू नाहीत. त्यांना त्यांच्या भाषेत आकडा हवा असतो.

आणि त्या भाषेतला सगळ्यात महत्त्वाचा भेद आवर्ती (दरवर्षीच्या) आणि अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चाचा आहे. वर्गणी म्हणजे घरभाडं. भरणं थांबलं की बाहेर. ते भाडं एकदाच मिळालेल्या पैशांतून भरायला घेतलं की तिसऱ्या वर्षी काय होतं हे मी वारंवार पाहिलं आहे. रूसाचं (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाचं) अनुदान येतं, उत्साहात तीन डेटाबेस सुरू होतात, विभागांना सवय लागते, अनुदान संपतं, आणि मग ग्रंथपालाने तेवढे पैसे सर्वसाधारण निधीतून मागायचे. कुणी देत नाही. अनुदान खर्च केल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र व्यवस्थित गेलेलं असतं, पण वाचकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. रूसा असो, तिची जागा घेणारी पीएम-उषा असो, सुवर्णमहोत्सवी निधी असो की कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे पैसे असोत, एकदाच येणाऱ्या पैशांतून कायमस्वरूपी राहणारी वस्तूच घ्यायची. कायमच्या हक्काची ई-पुस्तकं, जुन्या अंकांचा एकरकमी संग्रह, स्कॅनर, दुर्मीळ ग्रंथांचं जतन, पुस्तकांच्या प्रती. एकरकमी संग्रह घेताना ‘वार्षिक देखभाल शुल्क’ नावाची बारीक ओळ करारात आहे का ते मात्र बघा. असेल तर ते शुल्क आवर्ती खर्चात आजच दाखवा.

आवर्ती वर्गणीचा पुढच्या तीन वर्षांचा आकडा काढताना दोन वाढी धरा. प्रकाशकाची किंमतवाढ वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास, आणि वर रुपयाची घसरण. २०१४ साली डॉलर ६० रुपयांच्या घरात होता, २०२४ च्या ऑक्टोबरात ८४ च्या. म्हणजे डॉलरमधली किंमत एका सेंटनेही वाढली नसती तरी हजार डॉलरचं जर्नल ६० हजारांवरून ८४ हजारांवर गेलं. दोन्ही मिळून वर्षाला ८ टक्के धरले तर नऊ वर्षांत खर्च दुप्पट होतो. ‘गेल्या वर्षीएवढीच तरतूद’ याचा अर्थ दरवर्षी एक-दोन जर्नल्स कमी, हे समितीला एका तक्त्यात दाखवा. बोलून पटत नाही, तक्ता पटतो. पुरवठादाराचं बिल जीओसी (पुस्तकविक्रेत्यांच्या गुड ऑफिसेस कमिटीने ठरवलेल्या) विनिमय दराने आहे की बँकेच्या दराने, हेही खरेदी आदेशात स्पष्ट लिहा.

कराचाही फरक पडतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. ऑनलाइन शैक्षणिक नियतकालिकांना उच्च शिक्षण संस्थांसाठी २०१८ पासून सूट आहे. डेटाबेसवर मात्र १८ टक्के लागतात. तेव्हा जर्नल्सच्या पॅकेजचं बिल ‘डेटाबेस’ या वर्णनाने येत असेल तर विचारा. वस्तू मुळात काय आहे यावर लेखा विभागाचं लेखी मत घेऊन मगच पुढे जा.

आता करार. नव्या प्रभारी ग्रंथपालाला मी सांगेन की पहिल्या आठवड्यात जुन्या करारांच्या फाइली काढा. स्वनिधीतून ज्या वर्षांची वर्गणी भरली होती, त्या वर्षांच्या अंकांवर कायमचा हक्क असल्याचं कलम अनेक करारांत असतं, आणि ते कुणी वापरलेलं नसतं. प्रकाशकाला आत्ताच पत्र लिहा. आमच्या विद्यापीठाला कोणत्या शीर्षकांच्या कोणत्या वर्षांवर कायम हक्क आहे, याची स्वाक्षरी असलेली यादी मागा. आज योजनेमुळे सगळंच उघडं दिसतं, म्हणून याची निकड वाटत नाही. पण ती यादी विद्यापीठाची मालमत्ता आहे. उद्या कुठलीही व्यवस्था बदलली तरी त्या अंकांचं दार आपल्यासाठी उघडं राहतं.

दुसरी गोष्ट विद्यार्थिसंख्येची, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना तिचा फटका फार बसतो. प्रकाशक किंमत ठरवताना पूर्णवेळ विद्यार्थी आणि शिक्षकांची संख्या विचारतो. विद्यापीठाच्या स्थळावर संलग्न महाविद्यालयांसह लाखांचा आकडा झळकत असतो, आणि विक्री प्रतिनिधी तोच धरतो. प्रत्यक्षात प्रवेश मिळणार असतो फक्त आवारातल्या काही हजारांना. कुलसचिव कार्यालयाकडून आवारातल्या विभागनिहाय संख्येचं पत्र घ्या आणि करारात ‘अधिकृत वापरकर्ते’ म्हणून तेवढेच लिहा. विषयाधारित डेटाबेस असेल तर संबंधित विभागांचीच संख्या धरा. किमतीची बोलणी इथे जिंकली जातात, सवलतीचे टक्के मागून नाही. बहुवार्षिक करार करत असाल तर वार्षिक वाढीची कमाल मर्यादा आणि ‘तरतूद न मिळाल्यास वर्षअखेरीस करार संपेल’ हे कलम, दोन्ही हवीत.

अग्रिमाबद्दल लेखापरीक्षकाशी वाद होतोच, कारण वर्गणी आधी भरावी लागते आणि नियम माल मिळाल्यावर पैसे देण्याचा. २०१४ साली स्वेट्स ही जगभर काम करणारी वर्गणी एजन्सी दिवाळखोरीत गेली आणि कित्येक ग्रंथालयांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले. लेखापरीक्षकाची भीती निराधार नाही. म्हणून मोठ्या रकमा शक्य तितक्या थेट प्रकाशकाला, आणि एजन्सीमार्फत जायचंच असेल तर बँक हमी आणि पैसे प्रकाशकाकडे पोचल्याचा पुरावा घेऊनच.

तारखांचं गणितही नव्या माणसाला गोंधळात टाकतं. वर्गणीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नूतनीकरणाचा निर्णय ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवा, तर वापराचा अभ्यास ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपायला हवा. सुधारित अंदाजपत्रकाची मागणी त्याच सुमाराला जाते, ती संधी सोडू नका. आणि पुस्तकखरेदी मार्चवर ढकलू नका. मार्चअखेर पुरवठादाराच्या गोदामात जे पडून असतं तेच ग्रंथालयात येतं. मी तिमाहीनिहाय खरेदी लावून घेतली, तेव्हा विभागांच्या मागणीपत्रातली पुस्तकं खरोखर कपाटात दिसू लागली.

विभागांतल्या वाटपाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, पण खरी भांडणं तिथेच होतात. सगळ्यांना सारखं वाटप न्याय्य दिसतं, पण रसायनशास्त्राच्या एका जर्नलच्या किमतीत मराठी विभागाची वर्षभराची पुस्तकं येतात. विद्यार्थिसंख्येवर वाटलं तर विज्ञान विभाग कोरडे राहतात. किमतीवर वाटलं तर भाषा आणि सामाजिक शास्त्रं. इतकी वर्षं विज्ञानाच्या जर्नल्सनी बहुतेक ग्रंथालयांचा मोठा हिस्सा खाल्ला, आणि तो पर्याय नसल्यामुळेच. आता त्या जर्नल्सचा मोठा भाग केंद्र भरतंय. हीच वेळ आहे वाटपाचा लंबक दुसरीकडे नेण्याची. माझ्या मते मोकळ्या होणाऱ्या रकमेवर पहिला हक्क मराठी, इतिहास, समाजशास्त्र, लोकप्रशासन या विभागांचा आहे, आणि मी हे ज्ञानस्रोत समितीत आग्रहाने मांडत आले आहे.

कारण एकच. राष्ट्रीय पातळीवरची कुठलीही वर्गणी मराठी विकत घेणार नाही. मराठीतल्या अभ्यासग्रंथांची संस्थात्मक परवान्यावर मिळणारी ई-आवृत्ती फार थोड्या पुस्तकांची निघते. संदर्भ लागला तर छापील प्रतच हवी, आणि हजाराच्या आत संपणारी आवृत्ती आज घेतली नाही तर पाच वर्षांनी पैसे असूनही मिळत नाही. इंग्रजी जर्नल उद्याही विकत मिळेल, संपलेलं मराठी पुस्तक मिळणार नाही. ‘साधना’सारखी चालू नियतकालिकं घ्यायला काही हजार रुपये पुरतात, तरी काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते, कारण त्यांच्या बाजूने बोलायला विक्री प्रतिनिधी येत नाही.

जुन्या अंकांचंही तेच. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे, जुन्या ‘नवभारत’ मासिकाचे बांधीव खंड अनेक विद्यापीठांत आहेत, आणि त्या काळच्या आम्लयुक्त कागदाचे कोपरे हात लावताच तुटतात. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याची २०१२ ची दुरुस्ती बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना वाव देते. विद्यापीठाचं ग्रंथालय त्यात बसतं असं विधी अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. ती प्रत सर्वांना ऑनलाइन खुली करणं हा वेगळा विषय आहे. तिथे लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजावी लागतात आणि प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा असतो. पण जतनाचं काम त्यासाठी थांबवू नका. एकदाच मिळालेल्या पैशांना याहून चांगलं काम मला माहीत नाही.

क्रमिक पुस्तकांना विसरू नका. मराठी माध्यमातून आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा जर्नल उघडत नाही. त्याला अभ्यासक्रमातल्या पुस्तकाच्या पुरेशा प्रती हव्यात. विद्यार्थी शुल्कात ‘ग्रंथालय शुल्क’ म्हणून जी रक्कम घेतली जाते, तिचा वर्षाचा एकूण आकडा लेखा विभागाकडून मागवा आणि ग्रंथांच्या तरतुदीशेजारी ठेवा. दोन्हींतली तफावत पाहून समितीतले सदस्य स्वतःच बोलू लागतात.

आणखी एक खर्च टिपणीत घाला, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मिळालेली जर्नल्स वाचकापर्यंत पोचवायला पैसे लागतात. घरून, वसतिगृहातून, गावाकडून प्रवेश देणारी व्यवस्था, वापरकर्त्यांची नोंदणी आणि पडताळणी, नव्या संशोधकांसाठी सत्रं. इन्फ्लिबनेटच्या इन्फेड या लॉगिन व्यवस्थेतून आवाराबाहेरचा प्रवेश मिळू शकतो, पण तुमच्या बाजूने यादी अद्ययावत ठेवणारा माणूस लागतो. पदं रिक्त असताना हे काम कंत्राटी का होईना, पण एका निश्चित व्यक्तीकडे द्या. प्रबंध तपासणीच्या साम्यशोधक सॉफ्टवेअरवर विद्यापीठ वेगळे पैसे भरत असेल, तर शोधशुद्धी या इन्फ्लिबनेटच्या कार्यक्रमातून ते मिळतंय का हेही बघा. काही ठिकाणी एकाच गोष्टीचे पैसे दोन शीर्षांतून जात असतात.

आता समितीपुढची टिपणी. दोन पानांहून मोठी नको. पहिल्या पानावर तीन ढिगांचा तक्ता आणि त्यातून मोकळी होणारी रक्कम, एकही रुपया न लपवता. ग्रंथपालाने स्वतःहून बचत दाखवली की पुढच्या मागणीवर विश्वास बसतो. दुसऱ्या पानावर त्या रकमेचा विनियोग असा सुचवा. चालू ठेवायच्या डेटाबेसची किंमतवाढ, मागणीनुसार सुटे लेख, मराठी व सामाजिक शास्त्रांचे ग्रंथ, क्रमिक पुस्तकांच्या प्रती, दूरस्थ प्रवेश आणि प्रशिक्षण. काही भाग विद्यापीठाला परत देता येत असेल तर तोही लिहा. शीर्षाचं नाव बदलून ‘ज्ञानस्रोत संग्रह: आवर्ती’ आणि ‘अनावर्ती’ अशी दोन करून मागा, म्हणजे उद्या कुणी ‘ई-संसाधने फुकट मिळतात’ म्हणून अख्खी तरतूद खोडू शकणार नाही. आणि २०२७ नंतरची व्यवस्था स्पष्ट होईपर्यंत आवर्ती शीर्षात जर्नल्ससाठी अल्प का होईना, पण स्वतंत्र उपशीर्ष चालू ठेवण्याची विनंती करा.

सोबत तीन कागद जोडा: तीन वर्षांचा वापर अहवाल, आवारातल्या विद्यार्थिसंख्येचं कुलसचिवांचं पत्र आणि कायम हक्काच्या शीर्षकांची यादी. तिसरा कागद प्रकाशकाकडून यायला सर्वाधिक वेळ लागतो, तेव्हा ते पत्र या आठवड्यातच पाठवा. विभागप्रमुखांची बैठक समितीच्या आधी घ्या, नंतर नाही, आणि प्रत्येकाला त्याच्या विभागाचे आकडे एकट्याला दाखवा. सगळ्यांसमोर आकडे वाचले की लोक बचावात जातात, एकट्याला दाखवले की स्वतःच विचारतात, ‘याऐवजी काय मिळेल?’ त्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून जा.